टोपणापासून टोकापर्यंत एकच लाकूड: सोलापुरातील एका कार्यशाळेची हातकातीव पेने

लाकडी पेन हाती आले की बहुतेकांचे लक्ष आधी पॉलिशकडे आणि मग निबेकडे जाते. माझ्या मते सर्वप्रथम पाहावा तो सांधा. टोपण आणि दांडा जेथे मिळतात, किंवा फिरवून उघडायच्या बॉलपेनात वरची आणि खालची नळी मधल्या कडीला टेकते, तेथे लाकडाची रेष एका अंगाने येऊन दुसऱ्या अंगाला त्याच ओळीत पुढे निघते का, एवढे पाहिले तरी ते पेन किती विचारपूर्वक कातले आहे हे कळते. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेडच्या रांगेत, लाकडी पेने कातून देणारी एक छोटी कार्यशाळा आहे. तिला पाटी नाही आणि मिस्त्रींना आपले नाव छापून यावे असे वाटत नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही. त्यांच्याकडून करवून घेतलेली तीन पेने गेला उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा मी रोजच्या लिखाणासाठी वापरली. हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्या सांध्यांविषयी आहे.

भेटवस्तूंच्या दुकानांत लेसरने नाव कोरलेली लाकडी पेने हल्ली सहज मिळतात. त्यांतली बरीचशी स्वच्छ पॉलिश केलेली असतात आणि बरी लिहितात. मात्र वरची नळी एका फळीतून आणि खालची दुसऱ्याच फळीतून आलेली असते, कारण घाऊक कामात नळ्या ढिगाने कातल्या जातात आणि हाताला येतील तशा जोडल्या जातात. चौकड्यांच्या कापडाचा शर्ट शिवताना चांगला शिंपी खिशाच्या रेघा छातीवरच्या रेघांशी जुळवून घेतो आणि त्यासाठी थोडे जास्तीचे कापड खर्ची घालतो, तसेच हे काम आहे. जुळणीसाठी लाकूड जास्त लागते, वेळ त्याहून जास्त लागतो, आणि ती झाली नाही तरी पेन लिहायचे थांबत नाही. म्हणूनच ती कोणी मनापासून केलेली दिसली की मला त्या माणसाच्या बाकीच्या कामावरही विश्वास ठेवावासा वाटतो.

काम कसे चालते हे ठाऊक असल्याशिवाय या जुळणीचे मोल नीट लक्षात येत नाही. पेनासाठी घेतलेला लाकडाचा चौकोनी तुकडा, ज्याला या धंद्यात ब्लँक म्हणतात, साधारण पाऊण इंच जाडीचा आणि पाच इंच लांबीचा असतो. सर्वाधिक प्रचलित अशा ७ मिलिमीटरच्या किटमध्ये, म्हणजे पेनाच्या तयार सुट्या भागांच्या संचात, प्रत्येकी सुमारे ५३ मिलिमीटर लांबीच्या दोन पितळी नळ्या येतात. ब्लँक मधोमध कापून, दोन्ही तुकड्यांना भोक पाडून त्यांत या नळ्या चिकटवल्या जातात आणि मग लेथवर लाकूड बाहेरून कातले जाते. रेष तुटण्याची सुरुवात पहिल्या कापापासूनच होते. जाड पात्याची चक्री करवत एका कापात सुमारे ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, तर बँडसॉचे, म्हणजे पट्टीच्या करवतीचे, बारीक पाते सुमारे १ मिलिमीटर. त्यानंतर नळीचे तोंड काटकोनात सपाट करताना आणखी थोडे लाकूड जाते. रेषा पेनाच्या लांबीला अगदी समांतर असतील तर हे गेलेले लाकूड डोळ्यांना जाणवत नाही. रेष तिरपी असली, की मधला तुकडा नाहीसा झाल्यामुळे पलीकडची रेष बाजूला सरकलेली दिसते.

या ठिकाणी मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. मधल्या कडीची रुंदी ते आधीच मोजून ठेवतात, आणि कापात व तोंडे सपाट करण्यात मिळून नेमके तेवढेच लाकूड जाईल असा हिशेब धरतात. जितके लाकूड गेले तितकीच जागा कडी भरून काढते. त्यामुळे तिरपी रेष जणू कडीच्या खालून जाते आणि पलीकडे जेथे निघायला हवी तेथेच निघते. कापण्यापूर्वी ब्लँकच्या एका अंगावर पेन्सिलीने लांबट त्रिकोण काढलेला असतो, म्हणजे दोन तुकड्यांची दिशा आणि क्रम पुढे कधीच चुकत नाही. भोक पाडतानाही दोन्ही तुकडे सांध्याच्या तोंडाकडून ड्रिलला लावतात. ड्रिलचे बिट शिरते तेथे नेमके असते आणि खोल जाताना कठीण रेषांच्या कलाने किंचित भरकटते. ते भरकटणे मग क्लिपच्या आणि टोकाच्या बाजूला जाते, जेथे शेजारी जुळवायला दुसरे लाकूड नसते. हे सारे त्यांनी मला ब्लँक हातात घेऊन दाखवले, आणि कोणत्याही गिऱ्हाइकाने विचारले तर ते तसेच दाखवतात.

तीनपैकी पहिले पेन शिसवीचे, फिरवून उघडायचे बॉलपेन आहे. तांबूस तपकिरी लाकडावर काळपट रेषा असल्याने शिसवीत जुळणी उठून दिसते आणि चूकही तितकीच उठून दिसते. ऑर्डर लिहून घेताना मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला: “सर, रेषा लिहिताना जुळलेल्या पाहिजेत, का पेन खिशात असताना?” हा प्रश्न विचारणारा कारागीर मला पूर्वी भेटला नव्हता. अशा पेनात वरची नळी खालच्या नळीवर फिरवली की रिफिल बाहेर येते, म्हणजे उघडलेल्या आणि मिटलेल्या अशा दोन स्थितींपैकी एकाच स्थितीत रेषा समोरासमोर येऊ शकतात. मी लिहितानाची स्थिती निवडली. आता रिफिल बाहेर असताना कडीच्या डाव्या अंगाला एक काळी रेष दिसते; ती क्लिपजवळ केसासारखी बारीक सुरू होते, कडीपाशी येईपर्यंत दुपटीने जाड होते, पलीकडे तितक्याच जाडीने निघते आणि पुढे तिला दोन फाटे फुटून ती टोकाकडे उतरते. कडी बोटाने झाकली तर मध्ये काही कापले गेले असेल असे मनातही येत नाही.

या पेनाविषयी दोन तक्रारी आहेत. त्यावरचा चकचकीत लेप सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे, म्हणजे सुपरग्लूचे, अनेक थर देऊन केलेला आहे. तो टिकाऊ आहे, घामाने खराब होत नाही, परंतु हाताला लाकूड लागत नाही, काचेसारखे काहीतरी लागते. एवढ्या मेहनतीने जुळवलेल्या लाकडावर तो लेप मला उपरा वाटला. दुसरी बाब रिफिलची आहे. या किटमध्ये क्रॉस कंपनीच्या पद्धतीची बारीक रिफिल बसते. स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणारी पार्कर पद्धतीची रिफिल तिच्या जागी चालत नाही, आणि हे ऑर्डर घेतानाच सांगितले जायला हवे होते. शिवाय रिफिल बदलताना दोन्ही नळ्या ओढून वेगळ्या कराव्या लागतात, आणि पुन्हा बसवताना रेषा आपल्याला स्वतःच जुळवून घ्याव्या लागतात. ते अवघड नाही. पेन उघडलेल्या स्थितीत ठेवून, एखादी ठळक रेष धरून वरची नळी सरळ दाबली की झाले.

दुसरे पेन बाभळीचे फाउंटन पेन आहे, आणि या कार्यशाळेत यावे ते अशाच पेनासाठी. बाभूळ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. बैलगाडीची चाके, औते, अवजारांचे दांडे यांसाठी हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, कारण ते कठीण आणि चिवट असते. पेनासाठी मात्र तिचा वेगळाच गुण कामी येतो. सालीलगतचे कच्चे लाकूड पिवळसर पांढरे असते आणि आतला गाभा गुलाबीसर तपकिरी, जो पुढे हवेने आणि हाताने गडद होत जातो. मिस्त्रींनी या दोहोंची सीमा ज्यातून उभी जाते असा तुकडा निवडला. परिणामी पेनाच्या एका अंगाला टोपणाच्या शेंड्यापासून दांड्याच्या शेवटापर्यंत फिक्या आणि गडद रंगांची एक सलग सीमारेषा धावते. जुळणीची याहून कठोर परीक्षा नसावी, कारण टोपण जराही चुकीच्या जागी थांबले तर ती सीमा पायरीसारखी तुटते आणि चष्मा न लावताही ते दिसते.

फाउंटन पेनात टोपण आट्यांवर बसते, आणि खरी अडचण तेथेच आहे. आट्यांचा तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा भाग दांड्याच्याच लाकडातून काढला तर तेवढे लाकूड टोपणाच्या पोटात जाते आणि बाहेर दिसणाऱ्या रेषांत तेवढी दरी पडते. शिवाय लाकडात पाडलेल्या बारीक आट्यांच्या कडा वापराने ढासळतात. म्हणून येथे आट्यांसाठी काळ्या एबोनाइटची स्वतंत्र नळी आत बसवलेली आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांमुळे एबोनाइट, म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर, आपल्याकडच्या फाउंटन पेन वापरणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. आटे एबोनाइटमध्ये गेल्यामुळे टोपणाची कड आणि दांड्याचे लाकूड एकमेकांना लागून येतात आणि मधले लाकूड फारसे वाया जात नाही.

आटे कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. टोपण एक-दीड वळशात बंद व्हावे म्हणून अनेक कारागीर तीन तोंडांचे, म्हणजे तीन आटे शेजारी-शेजारी फिरत जाणारे, आटे पाडतात. सोयीला ते उत्तम आहेत, पण त्यात टोपण १२० अंशांच्या अंतराने तीन जागी लागू शकते, आणि त्यांपैकी एकाच जागी रेषा जुळतात. उरलेल्या दोन वेळी मालकाने उघडून पुन्हा लावायचे. मिस्त्रींनी एकेरी आटे दिले आहेत. टोपण उघडायला वळसे जास्त लागतात, घाईत ते जाणवतेही, परंतु टोपण कसेही लावले तरी दरवेळी त्याच जागी येऊन थांबते. ती जागा रेषेवर आणण्याची त्यांची रीत मी जवळ उभा राहून पाहिली. टोपण ज्या खांद्यावर टेकते तो खांदा ते अगदी थोडा थोडा छिलतात. १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांत खांद्यावरून मिलिमीटरचा दहावा भाग गेला की टोपण ३६ अंश पुढे जाऊन थांबते. म्हणजे एक हलका हात जास्त पडला तर सीमारेषा ओलांडून जाते आणि मग जवळजवळ संपूर्ण फेरा होईपर्यंत छिलत राहावे लागते. ते दर वेळी छिलून, भुकटी पुसून, टोपण लावून, खिडकीच्या उजेडात पाहत होते. शेवटच्या काही वेळा तर हत्यार बाजूला ठेवून बारीक पॉलिश पेपर सपाट पट्टीवर ठेवला आणि त्यावर खांदा नुसता फिरवून घेतला.

जुळणी संपूर्ण आहे असे मात्र म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारण भूमितीचे आहे. टोपण दांड्यावर बसते म्हणून त्याचा व्यास दांड्यापेक्षा थोडा मोठाच राहतो. दांडा जास्त कातला गेल्याने त्यावर लाकडाचा अधिक आतला थर दिसतो आणि टोपणावर बाहेरचा. वाढीची वलये जेथे पृष्ठभागाला काटकोनात येतात त्या दोन अंगांना याने काही बिघडत नाही, रेषा सरळ ओळीत राहतात. वलये जेथे पृष्ठभागाला समांतर येतात त्या अंगाला कमानीसारखी नक्षी उमटते, आणि थर बदलला की कमानही बदलते. माझ्या पेनात पाठीमागच्या अंगाला दांड्यावरची एक कमान टोपणावरच्या कमानीशी मिळत नाही. ती बाजू मुद्दाम क्लिपच्या विरुद्ध ठेवलेली आहे, खिशात ती अंगाकडे जाते, आणि क्लिप साध्या लाकडावर बसवून सीमारेषा मोकळी सोडली आहे. तडजोड कोठे करायची याची ही जाण मला जुळणीइतकीच महत्त्वाची वाटते.

वापरात दोन गोष्टी लक्षात आल्या. टोपण जोराने पिळले तर एबोनाइटचा खांदा किंचित दबतो आणि सीमारेषा केसभर पुढे जाते. हलक्या हाताने लावले की पुन्हा ओळीत येते. दुसरे म्हणजे, या पेनाला चकचकीत लेप न देता तेल आणि मेण दिले आहे. हाताला खरे लाकूड लागते आणि लिहिताना ते सुखद वाटते, पण बोटांजवळच्या फिक्या लाकडाने निळ्या शाईचे डाग धरले आहेत आणि ते आता निघत नाहीत. फिके लाकूड निबेच्या बाजूने इतके खाली येणार असेल तर तेवढ्या भागाला तरी पातळ लेप द्यावा, असे मी मिस्त्रींना सुचवले आहे. निब जर्मनीच्या जोवो कंपनीची, मध्यम जाडीची आहे. ती सुरळीत लिहिते आणि कागदावर अडत नाही.

सोलापूरच्या हवेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अतिशय कोरडी असते. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते, आणि तेही वलयांच्या दिशेने जास्त. आतली पितळी नळी मात्र तसूभरही आटत नाही. पातळ लाकूड कठीण नळीभोवती आकसू लागले की उभी चीर पडते, बहुधा तोंडापाशी, म्हणजे नेमकी सांध्याजवळ. माझ्या शिसवीच्या आणि बाभळीच्या पेनांना उन्हाळ्यात एकही चीर गेली नाही, आणि पावसाळ्यात फुगून टोपण घट्टही झाले नाही. लाकूड कापून, टोकांना मेण लावून, पुरेसे सुकू दिल्याशिवाय मिस्त्री लेथवर चढवत नाहीत. ताजे लाकूड घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला ते तुकडा ठेवून घेतात आणि पुढच्या वर्षी या असे सांगतात. हे ऐकून काही जण नाराज होऊन जातात. मला ते योग्य वाटते.

तिसरे पेन आमच्या घरच्या लाकडाचे आहे. घरी पूर्वी चादरींचे माग होते. ते गेले, पण मागावर आडवे सूत नेणारे काही जुने लाकडी धोटे राहिले. त्यांपैकी एकाचे पेन करावे अशी इच्छा होती. धोट्याचा मधला भाग कांडी बसवण्यासाठी पोकळ असतो आणि टोकांना लोखंड असते, त्यामुळे सलग भरीव लाकूड दोन्ही टोकांजवळ तेवढे उरते, एकेक नळी कशीबशी निघेल इतके. म्हणजे वरची आणि खालची नळी धोट्याच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणार, आणि त्यांच्यामधले लाकूड अस्तित्वातच नाही. रेषा जुळणार नाहीत हे मिस्त्रींनी काम हाती घेण्याआधीच स्पष्ट सांगितले. दुसऱ्या कोणी गडद रंग चढवून फरक लपवला असता. त्यांनी दोन नळ्यांच्या मध्ये चांगली रुंद, काळ्या एबोनाइटची कडी घातली, आणि निदान रेषांचा कल दोन्हीकडे एकाच दिशेला राहील अशा रीतीने तुकडे फिरवून बसवले. वर्षानुवर्षे सुतावरून घासून गुळगुळीत झालेल्या मूळ पृष्ठभागाचा काहीही अंश कातल्यावर उरत नाही, हे मात्र घरचे लाकूड देणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे. मला ते पेन प्रिय आहे, तरी जुळणीचा नमुना म्हणून मी ते कोणाला दाखवणार नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. बॉलपेनाला बाराशे रुपयांच्या आसपास आणि फाउंटन पेनाला साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. घरचे लाकूड दिले तरी किंमत कमी होत नाही, कारण मेहनत तेवढीच लागते. दिलेली मुदत पाळली जात नाही. माझी तिन्ही पेने उशिरा मिळाली, आणि विचारायला गेले की काम कोठवर आले ते दाखवले जाते, पण तारीख नव्याने दिली जात नाही. एखाद्याच्या निवृत्तीच्या समारंभाला किंवा लग्नात भेट द्यायची असेल तर ही अनिश्चितता गैरसोयीची ठरते. सोबत मिळणारी डबी साध्या पुठ्ठ्याची आहे. दुरुस्तीबद्दल तक्रार नाही. शिसवीच्या पेनाची क्लिप सर्वांत देखण्या रेषेवर आली होती, ती त्यांनी पैसे न घेता काढून बाजूला बसवून दिली.

ज्यांना कातीव पेन प्रथमच घ्यायचे आहे त्यांनी बाभूळ मागावी, आणि सरळ उभ्या रेषांचा तुकडा निवडावा. गाठीचे किंवा वेड्यावाकड्या नक्षीचे लाकूड ब्लँकमध्ये मोहक दिसते, पण कातल्यावर आतली नक्षी कशी निघेल याची हमी मिस्त्रीही देत नाहीत. तुकडा पाण्याने ओला करून पाहावा, म्हणजे पॉलिशनंतरच्या रंगाची आणि रेषांची कल्पना येते. क्लिप कोणत्या अंगाला हवी, लेप हवा की तेल-मेण, बॉलपेन असेल तर रेषा कोणत्या स्थितीत जुळाव्यात आणि रिफिल कोणती बसते, हे सारे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावे. फाउंटन पेन घ्यायला जाताना आपण वापरतो तीच शाई सोबत न्यावी. मिस्त्री त्याच शाईने लिहून पाहतात, आणि निब ओली किंवा कोरडी वाटली तर तेथेच बसून ती जुळवून देतात.